भुसावळात खारं पाणी: टाकीतलं मॅग्नेशियम १,११० वरून १,३०० वर आणताना

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांना कॅल्शियम आणि केएच (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) तोंडपाठ असतात. मॅग्नेशियमकडे मात्र कुणी वळत नाही, कारण ते हळू बदलतं आणि त्याचं किट महाग आहे. यंदा फेब्रुवारी ते मे माझं सगळं लक्ष या एकाच आकड्यावर होतं (मॅग्नेशियम-कॅल्शियमचे आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये आहेत). मुंबई-पुण्यात दुकानदाराला विचारता येतं. आमच्या भुसावळात गोड्या पाण्यातले मासे मिळतात, पण खाऱ्या पाण्याचं नाव काढलं की दुकानदार हात जोडतात. समुद्र इथून तीनशे किलोमीटरहून दूर. म्हणून ज्या क्रमाने सगळं घडलं, त्याच क्रमाने कागदपत्रं आणि खर्चासकट लिहितेय. जळगाव, धुळे, नंदुरबारकडचं कुणी अशा अडचणीत असेल तर त्यांना उपयोग होईल.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, खाली छोटा संप, म्हणजे जिथून पाणी फिरून वर येतं ती जोडटाकी. मापाने हिशेब केला तर अडीचशे लिटरच्या जवळ जातो, पण वाळू आणि खडक जागा घेतात. पहिल्यांदा भरताना बादल्या मोजून वहीत लिहिल्या होत्या, त्यामुळे खरं पाणी २०० लिटर आहे हे मला माहीत होतं. हा आकडा तुमच्याकडे नसेल तर आधी तो मिळवा, पुढचे सगळे डोस त्याच्यावर चालतात.

आत क्लाउनफिशची जोडी, एक गोबी, थोड्या गोगलगायी, मशरूम प्रवाळ, झोअँथिड आणि एक लेदर प्रवाळ, म्हणजे सगळे मऊ प्रकारचे. दगडी प्रवाळ मी ठेवत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळभित्ती बांधणारे सगळे दगडी प्रवाळ येतात, शिवाय काळे प्रवाळ, अग्नी प्रवाळ आणि समुद्रपंखेही. समुद्रातून काढलेला जिवंत खडकही माझ्याकडे नाही, कोरड्या कृत्रिम खडकावरच सगळं वाढवलंय. प्रत्येक जिवाची पावती एका फाइलमध्ये लावून ठेवते. नवीन लोकांनाही माझं हेच सांगणं असतं की पावती न देणाऱ्याकडून काही घेऊ नका.

दगडी प्रवाळ नाहीत, मग मॅग्नेशियम खातं कोण, असं काही जण विचारतात. खडकावर आणि मागच्या काचेवर गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ असतं, ते आपल्या अंगात मॅग्नेशियम जास्त असलेला कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचा एक प्रकार) साठवतं. दगडी प्रवाळांचा सांगाडा अॅरागोनाइट या दुसऱ्या प्रकारचा असतो, त्यात मॅग्नेशियम अगदी थोडं जातं. त्यामुळे गुलाबी शेवाळ भरपूर असलेल्या टाकीत मॅग्नेशियम हळूहळू उतरत जातं.

फेब्रुवारीच्या मध्यात पहिली खूण दिसली. केएच ६ च्या आसपास आला होता, म्हणून खायचा सोडा आरओ पाण्यात विरघळवून दिला. २०० लिटरला केएच १ ने वाढवायला साधारण ६ ग्रॅम सोडा लागतो. तेवढा दिला की आकडा चढायचा आणि आठवड्याच्या आत पुन्हा खाली यायचा. कॅल्शियमही ३६५ वर अडकलेलं. पाणी वाहतं ठेवणाऱ्या पंपाचा आवाज बदलला, उघडला तर आतल्या चक्रावर पांढरा कडक थर. थंडीत लावलेल्या हीटरवरही तसाच थर. वाळू बोटाने हलवली तर ढेकळं लागत होती. कोरलाइनच्या कडा फिकट पडत चालल्या होत्या, आणि हे बघून फार वाईट वाटायचं. ते शेवाळ यायलाच वर्ष गेलं होतं.

हा थर खान्देशातल्या माणसाला नवा नाही. बोअरच्या पाण्यावर कुलर चालवला की उन्हाळा संपता संपता गवतावर जी पांढरी खर धरते, तीच ही. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट. सोडा देऊन मी जो कार्बोनेट टाकत होते तो टाकीतल्या कॅल्शियमला धरून पंपावर आणि वाळूत बसत होता, म्हणून दोन्ही आकडे एकत्र खाली येत होते.

आता मॅग्नेशियम इथे काय करतं ते सांगते, कारण एवढं कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. उष्ण कटिबंधातल्या समुद्राच्या वरच्या पाण्यात जितकं कॅल्शियम कार्बोनेट विरघळून राहायला हवं त्याच्या तीन-चार पट असतं. हिशेबाने ते खाली बसायला हवं, तरी बसत नाही. स्फटिक तयार व्हायला लागला की मॅग्नेशियमचे आयन त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात, पुढचा थर नीट रचला जात नाही आणि स्फटिकाची वाढ तिथेच अडते. समुद्रात मॅग्नेशियम लिटरला सुमारे १,२९० मिलिग्रॅम, कॅल्शियम ४१० च्या आसपास आणि केएच ७ च्या जवळ. टाकीत मॅग्नेशियम १,२५० ते १,३५० मध्ये ठेवतात. ते बरंच खाली गेलं की वाढलेल्या स्फटिकांना आवरणारं कुणी उरत नाही. मग तुम्ही कितीही कॅल्शियम आणि सोडा घाला, तो जिवांपर्यंत पोचण्याआधी पंपावर जातो. मॅग्नेशियम दुरुस्त केल्याशिवाय बाकी दोघांच्या मागे धावण्यात अर्थ नसतो.

शंका आली, पण माझ्याकडे मॅग्नेशियमचं किट नव्हतं. ३ मार्चला मुंबईच्या एका विक्रेत्याकडे मागवलं, २,४०० रुपये अधिक कुरिअर. माल संपलाय, पुढच्या आठवड्यात येईल, असं करत करत ते १९ मार्चला हातात आलं. मागवण्याआधी विक्रेत्याकडून किटच्या मुदतीच्या तारखेचा फोटो मागून घेतला होता, आणि हे आवर्जून करावं. ही रसायनं जुनी झाली की रंग नीट फिरत नाही आणि आकडा शंभराने चुकतो. मार्च उजाडला की आमच्याकडे कुरिअरच्या गाडीतच चाळीस अंश होतात, त्यामुळे पार्सल संध्याकाळी सोडवून थेट घरात सावलीत आणलं.

तपासणीची पद्धत अशी की ठराविक पाणी घ्यायचं, त्यात थेंब आणि भुकटी टाकून गुलाबी रंग आणायचा, मग सिरिंजमधून थेंब थेंब सोडत तो करडा-निळा होईपर्यंत जायचं. शेवटच्या टप्प्यात घाई करू नये. प्रत्येक थेंबानंतर नीट हलवायचं, पांढऱ्या कागदावर धरायचं, दिवसाच्या उजेडात बघायचं. ट्यूबलाइटखाली करडा कुठला आणि जांभळा कुठला हे कळत नाही. आकडा आला १,१२५, पुन्हा केला तर १,११०.

यावर लगेच औषध द्यायला निघू नका. आधी क्षारता तपासा, म्हणजे किलोभर पाण्यात किती ग्रॅम मीठ आहे ते. पाणी समुद्रापेक्षा पातळ असेल तर मॅग्नेशियम त्याच प्रमाणात कमी दिसणार. क्षारता ३२ असेल तर अगदी उत्तम पाण्यातही मॅग्नेशियम १,१८० च भरतं, आणि तिथे उपाय मीठ वाढवण्याचा असतो. क्षारता मोजायचं यंत्र, रिफ्रॅक्टोमीटर, बहुतेक जण साध्या डिस्टिल्ड पाण्यावर शून्य करतात, पण शून्याला बरोबर असलेलं यंत्र ३५ ला दोन-अडीचने चुकू शकतं. ३५ चं प्रमाण द्रावण विकत मिळतं, घरीही करता येतं. प्रयोगशाळेत मिळणारं शुद्ध सोडियम क्लोराइड ३६.५ ग्रॅम घ्यायचं आणि ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायचं. या द्रावणात प्रकाश जेवढा वाकतो तेवढाच ३५ क्षारतेच्या समुद्रपाण्यात वाकतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला चांगला तराजू वापरायची मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, मी तिथेच शिकवते. माझी टाकी ३४.५ निघाली. म्हणजे क्षारतेचा काही दोष नव्हता, मॅग्नेशियमच कमी होतं.

तरीही एका किटच्या भरवशावर पुढे जायला मन धजेना. एका शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळेत गेले. खिडकीवर अर्ज मिळाला, त्यात पाण्याचा स्रोत म्हणून विहीर, बोअर, नळ, हातपंप एवढेच रकाने. मत्स्यटाकी कुठेच बसेना. तिथल्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी आत जाऊन विचारलं, पण अर्ज पिण्याच्या पाण्याचाच आहे, खारं पाणी घेता येणार नाही असं उत्तर आलं. मग ओळखीच्या एका महाविद्यालयीन प्राध्यापकांना विचारलं. त्यांच्या विभागाची अट होती की विभागप्रमुखांच्या नावे अर्ज, नमुन्याचा उद्देश, आधारची प्रत आणि शुल्काची पावती. अर्ज आधी आवक कक्षात नोंदवायचा, तो क्रमांक बाटलीवर लिहायचा. शुल्क ३०० रुपये. २७ मार्चला अहवाल मिळाला.

त्या अहवालात मॅग्नेशियम असा शब्दच नसतो, कठीणपणा असतो, म्हणून तो वाचायचा कसा ते सांगते. पाण्याच्या कुठल्याही प्रयोगशाळेत ईडीटीए नावाचं रसायन वापरून एकूण कठीणपणा आणि कॅल्शियमचा कठीणपणा काढतात, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात. माझा एकूण ५,४८०, कॅल्शियमचा ९१०. वजाबाकी केली की ४,५७० मॅग्नेशियमचा वाटा. त्याला ०.२४३ ने गुणलं की १,११०. कॅल्शियमच्या ९१० ला ०.४ ने गुणलं की ३६४. किटशी दोन्ही जुळले आणि जीव भांड्यात पडला. नमुना देताना एवढं मात्र आधी सांगा की हे समुद्रासारखं पाणी आहे, शंभर पट पातळ करून घ्या. नाहीतर ब्युरेटच्या ब्युरेट रिकाम्या होतात.

कारण शोधायला समुद्रपाणी बनवायचं तयार मीठ ताजं कालवलं. पिशवी आधी चांगली उलटसुलट हलवून, क्षारता ३५ ला आणून, रात्रभर पंप लावून दुसऱ्या दिवशी तपासलं. मॅग्नेशियम १,१३०. म्हणजे टाकीत जे कमी होतं ते बाहेरूनच कमी येत होतं, आणि दर पंधरवड्याला पाणी बदलून मी तेच आत घालत होते. पिशवीवर १,३५० छापलेलं. विक्रेत्याला बॅच क्रमांकाचा फोटो, बिल आणि कॉलेजच्या अहवालाची प्रत पाठवली. बरेच दिवस उत्तर आलं नाही, मग दुसऱ्या बॅचची पिशवी निम्म्या किमतीत द्यायचं त्यांनी मान्य केलं. अहवाल जवळ नसता तर तेही झालं नसतं, असं मला वाटतं. नवीन पिशवी फोडली की एक बादली कालवून मॅग्नेशियम मोजायचं, ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी.

आता मॅग्नेशियम आणायचं कुठून? आमच्याकडे हा प्रश्न निघाला की बोट आधी कृषी सेवा केंद्राकडे जातं. रावेर, यावल, सावदा हा केळीचा पट्टा, आणि केळीला मॅग्नेशियम सल्फेट लागतंच. शेजारचे आप्पा केळीवाले. ते म्हणाले, "ताई, आमच्याकडं पडलंय, घेऊन जा किलोभर, पैसे नको." मनाने दिलं होतं, तरी मी नको म्हटलं. खताच्या दर्जाच्या मालात मॅग्नेशियम साडेनऊ टक्क्यांच्या आसपास असतं, ते ठीकच आहे, पण उरलेल्यात काय आहे याची हमी फक्त पिकापुरती असते. केळीला जे चालतं ते गोगलगायीला चालेलच असं नाही. थोडासा अमोनिया किंवा तांबं आलं तरी टाकीतले बिनकण्याचे जीव आधी जातात.

दुसरं कारण सल्फेटचं. मला मॅग्नेशियम १९० ने वाढवायचं होतं. ते सगळं सल्फेटमधून दिलं तर सोबत लिटरला ७५० मिलिग्रॅम सल्फेट येतं. समुद्रात सल्फेट असतं २,७०० च्या आसपास, म्हणजे पाव हिश्शाहून जास्त वाढ. नुसतं क्लोराइड दिलं तर उलट बाजूला तोल जातो, पण तो फार हळू जातो, कारण समुद्रात क्लोराइडच प्रचंड आहे, लिटरला एकोणीस ग्रॅमहून अधिक. समुद्राचंच प्रमाण राखायचं तर वजनाने आठ भाग मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट आणि एक भाग मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट घ्यावं (ही नावं स्फटिकात किती पाणी धरलेलं आहे ते सांगतात). हे प्रमाण मी रेणुभारांवरून काढलं आणि प्राध्यापकांकडून तपासून घेतलं.

जिजींचा प्रश्न मात्र सगळ्यांत सरळ होता. सासूबाई रोज टाकीसमोर बसतात, माशांना नावंही त्यांनीच ठेवलीत. त्या म्हणाल्या, "इतलं मीठ कसाले टाकस पानीमा? आपला बोअरना पानीमा काय कमी शे?" प्रश्नात तथ्य आहे. आपली जमीन बेसाल्टची, बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम दोन्ही असतात, कुलर आणि गिझर त्याची साक्ष देतात. पण तिथे मॅग्नेशियम लिटरला साधारण शंभर मिलिग्रॅमच्या आत, समुद्रात बाराशे-तेराशे. शिवाय बोअरच्या पाण्यासोबत नायट्रेट आणि सिलिका येतात आणि टाकी तपकिरी-हिरव्या शेवाळाने भरते. म्हणून मी आरओ आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार काढणारं डीआय रेझिन लावून टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) शून्य आल्यावरच पाणी घेते. आरओचं टाकाऊ पाणी बादलीत धरून फरशी पुसायला आणि संडासात वापरतो. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात ते गटारात सोडणं मला पटत नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला जळगावला गेले. कॉलेजांना रसायनं पुरवणारी दुकानं तिथे आहेत. दुकानदाराने आधी विचारलं, संस्था कोणती? खासगी व्यक्तीला रसायन देताना ते उद्देशाचं पत्र आणि ओळखपत्राची प्रत ठेवून घेतात. मी पत्र लिहून नेलं होतं: नाव, पत्ता, रसायनाचं पूर्ण नाव, प्रमाण, उपयोग घरगुती मत्स्यटाकी, खाली सही आणि तारीख. दोन प्रती कराव्यात, एकावर त्यांचा शिक्का घेऊन आपल्याकडे ठेवावी. दोन्ही क्षार स्फोटक किंवा विषारी यादीतले नाहीत, म्हणून पुढे काही अडलं नाही. क्लोराइड ५०० ग्रॅम ३१० रुपये, सल्फेट ५०० ग्रॅम १९० रुपये, वर जीएसटी. सोबत बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र मागा, फुकट देतात. त्यात जड धातूंची मर्यादा लिहिलेली असते.

बाटली उचलण्याआधी लेबलवर हेक्झाहायड्रेट लिहिलंय ना ते बघाच. हेक्झाहायड्रेटमध्ये मॅग्नेशियम १२ टक्क्यांच्या जवळ, निर्जल क्लोराइडमध्ये साडेपंचवीस. चुकून निर्जल आलं आणि तोच हिशेब लावला तर डोस दुपटीहून जास्त होतो. शिवाय निर्जल पाण्यात टाकल्यावर भांडं एकदम तापतं. बाटली हलवूनही बघा. क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं, गोळा झाला असेल तर त्यात पाणी शिरलंय आणि वजनाचा हिशेब चुकणार.

घरी आल्यावर चिमूटभर मिश्रण आरओ पाण्यात विरघळवून अमोनियाच्या किटने तपासलं, स्वच्छ आलं. मग हिशेब मांडला. १९० गुणिले २०० लिटर म्हणजे ३८ ग्रॅम शुद्ध मॅग्नेशियम. आठास एक मिश्रणात मॅग्नेशियम ११.७ टक्के, म्हणून लागणार साधारण ३२५ ग्रॅम मिश्रण: २८९ ग्रॅम क्लोराइड, ३६ ग्रॅम सल्फेट. लक्षात ठेवायला सोपं असं की १०० लिटर पाण्यात १० ग्रॅम मिश्रण दिलं की आकडा साधारण १२ ने वर जातो.

दिवसाला ५० पेक्षा जास्त वाढवायचं नाही असं ठरवलं. काही जण शंभरही देतात, पण माझ्याकडे गोगलगायी होत्या आणि घाई कशाची नव्हती. ८ एप्रिलला पहिला डोस. ८० ग्रॅम मिश्रण दोन लिटर आरओ पाण्यात पूर्ण विरघळवलं, ते टाकीच्या तापमानाला येऊ दिलं आणि संपमध्ये जिथे पाण्याचा जोर आहे तिथे बारीक धारेने अर्ध्या तासात सोडलं. त्या दिवशी सोडा आणि कॅल्शियम दोन्ही बंद ठेवले. एकाच जागी एकाच वेळी तिन्ही गेले तर तिथल्या तिथे दूध फुटल्यागत पाणी पांढरं होतं. मासे निवांत होते. लेदर प्रवाळ संध्याकाळी मिटला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसाच राहिला. तेवढा वेळ मी टाकीजवळून हलले नाही. मग तो उघडला.

रोजच्या रोज मोजण्यात किट वाया जातं. एक दिवस आड डोस, आणि दोन डोसांनंतर मोजणी, असं केलं. मधल्या मोजणीत १,२०५ आलं, हिशेबाशी अगदी जवळ. १४ एप्रिलला शेवटचा भाग गेला आणि १६ ला आकडा १,२९० ते १,३०० मध्ये होता. क्षारता ३४.५ वरून ३५.२ झाली, कारण एवढं क्लोराइड लिटरला पाऊण ग्रॅम क्षार वाढवतंच. माझी मुळात थोडी कमी होती म्हणून चाललं. तुमची आधीच ३५ च्या वर असेल तर चार लिटर टाकीचं पाणी काढून तेवढंच आरओ घाला. १,५०० च्या वर कधी नेऊ नका. खाली आणायला पाणी बदलण्याशिवाय मार्ग नाही.

त्यानंतर कॅल्शियम. ३६५ वरून ४१० ला न्यायला ३३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट लागलं, तेही दोन वाट्यांत. केएच सोड्याने ७.८ ला आणला. आणि या वेळी तो तिथेच राहिला. त्याच सोड्याने तोच आकडा आठवड्यानंतरही जागेवर दिसला तेव्हा मी वही उघडून मागची पानं पुन्हा बघितली, इतका आनंद झाला होता. पंप आणि हीटर पाणी-व्हिनेगरमध्ये बुडवून साफ केले, महिनाभराने पुन्हा उघडले तर थर नव्हता. वाळूतली ढेकळं हाताने मोडून सायफनने काढली. कोरलाइनला मात्र वेळ लागला. मेच्या शेवटी मागच्या काचेवर नवे गुलाबी ठिपके दिसू लागले, आधीचे फिकट झालेले भाग काही ठिकाणी परत आले नाहीत.

मे म्हणजे आमच्याकडे ४४-४५ अंश. टाकीवर दोन छोटे पंखे लावलेत. हवा कोरडी असल्यामुळे पाणी उडून जाताना टाकी तीन-चार अंशांनी थंड राहते, पण रोज सहा-सात लिटर पाणी उडतं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून भर आरओचीच घालायची, मिठाच्या पाण्याची कधीच नाही. आणि मॅग्नेशियम नेहमी भर घातल्यावर, तासाभराने मोजायचं. दहा लिटर उडालेलं असताना मोजलं तर १,३०० चं १,३६५ च्या वर दिसतं आणि माणूस उगाच खूश होतो. वीज गेली तर पाणी फिरवणारा पंप इन्व्हर्टरवर आहे, पंखेही त्यावरच घेतलेत. दिवे आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) नाहीत, तेवढ्या वेळाने काही बिघडत नाही.

सगळा मिळून खर्च किट, रसायनं, शुल्क, प्रवास धरून साडेतीन हजारांच्या आत बसला. त्यात किट सगळ्यांत महाग, पण ते पुढे बरेच महिने पुरतं. तयार मॅग्नेशियमच्या बाटल्याही मिळतात आणि चांगल्या असतात. छोट्या टाकीला त्याच सोयीच्या, २०० लिटरला एवढी मोठी उचल करायची तर भुकटीच परवडते.

आता महिन्यातून एकदा मोजते. माझ्या टाकीत महिन्याला दहा-पंधराने उतरतं, त्याला २० ते २५ ग्रॅम मिश्रण पुरतं. जुनी मिठाची पिशवी फेकली नाही. पंधरवड्याला २० लिटर पाणी बदलते तेव्हा त्या बादलीत २९ ग्रॅम मिश्रण घालून तिचं मॅग्नेशियम १,१३० वरून १,३०० ला आणते, मग ते पाणी टाकीत जातं. आप्पांनी आता स्वतःच्या बोअरचं पाणी तपासायला दिलंय, अहवाल आला की दोघं मिळून बसणार आहोत.

पावसाळ्यासाठी एक गोष्ट आधीच करून ठेवा. क्लोराइडची फोडलेली बाटली जूनच्या हवेत पाणी ओढून लापशी होते आणि मग तिचं वजन काही सांगत नाही. जूनच्या आत उरलेलं सगळं मिश्रण वजन करून आरओ पाण्यात विरघळवा आणि एकूण द्रावण एवढं करा की प्रत्येक १०० मिलिलिटरमध्ये २० ग्रॅम मिश्रण येईल. प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून वर नाव, प्रमाण आणि तारीख लिहा, आणि बाटली स्वयंपाकघरापासून, लहान मुलांपासून लांब ठेवा. २०० लिटर टाकीत यातलं १०० मिलिलिटर घातलं की मॅग्नेशियम साधारण १२ ने वाढतं.